कांद्याचा सल्फर मक्याला गोडी देईल का?

पत्राचा गोषवारा: नाशिक जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घरची जमीन काळी, चुनखडीची. मुख्य पीक कांदा. दोन वर्षांपासून त्या दोन एकरांत स्वीट कॉर्न घेतात आणि शेतीचा हिशेबही त्याच ठेवतात. गेल्या खरिपात पेरणीनंतर तीन आठवड्यांनी रानाच्या एका कोपऱ्यात पोंग्यातली (मधल्या सुरळीतली) पानं पांढरट पडली. पुढे बऱ्याच कणसांचे शेंडे रिकामे राहिले, आणि व्यापाऱ्याने "माल गोड नाही" म्हणून भाव पाडला. आता दिवाळीनंतर पुन्हा टोकणी करायची आहे. कृषी सेवा केंद्रातून एकरी दाणेदार सल्फर, झिंक सल्फेट आणि चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेल्या, झिंकच्या दोन फवारण्या असं लिहून मिळालंय. "सल्फरने गोडी वाढते आणि जमिनीचा सामूही (पीएच) उतरतो," असं दुकानदाराचं म्हणणं. सासरे म्हणतात, "डीएपी-युरियावर इतकी वर्षं मका आलाच की, हा नवा खर्च कशाला?" शेजाऱ्यांनी मात्र सल्फर-झिंक टाकलं आणि त्यांचा माल चढ्या भावाने गेला. ताई विचारतात, हा खर्च करावा का, आणि सासऱ्यांना कसं पटवावं?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो, कारण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या चार गोष्टी मला मुख्य प्रश्नाइतक्याच महत्त्वाच्या वाटल्या. पानं पांढरी पडलेला तो कोपरा दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून सपाट केलेला आहे. बांधाच्या पलीकडे चुलत दिरांचा कोंबडीखाद्याचा मका उभा होता. पाऊस लागून राहिल्याने युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा राहून गेला. आणि तोडणी दुपारी झाली, गाडी रात्री वाशीच्या बाजाराला निघाली.

पांढरी पानं, रिकामे शेंडे आणि कमी गोडी ही तुमच्या पत्रातली तीन वेगवेगळी दुखणी आहेत. दुकानात ती तिन्ही एकाच चिठ्ठीत गेली आणि तिन्हींवर एकच इलाज लिहून मिळाला. आपण ती पुन्हा सोडवून घेऊ.

आधी पांढरी पानं. तुम्ही लिहिलंय की नव्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, पानाच्या बुडाकडून, रुंद पांढरट-पिवळा पट्टा होता; कडा आणि मधली शीर हिरवीच होती; झाडं त्या कोपऱ्यात बुटकी राहिली. जस्ताची, म्हणजे झिंकची कमतरता मक्यावर नेमकी अशीच दिसते. लोहाची कमतरताही चुनखडीच्या जमिनीत येते, पण तिच्या रेषा बारीक असतात आणि पानाच्या बुडापासून टोकापर्यंत जातात. सल्फर कमी पडला तर पट्टा असा उठून दिसत नाही. वरची कोवळी पानंच सगळी फिकट होतात, युरिया देऊनही रंग येत नाही. आणि नत्र (नायट्रोजन) कमी असेल तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांच्या टोकाकडून मधल्या शिरेने आत शिरतो. वर की खाली, बुडाकडे की टोकाकडे, एवढं बघण्याची सवय लागली की निम्मं निदान बांधावरच होतं.

तो पट्टा त्या कोपऱ्यातच का आला, याचं उत्तर जेसीबीत आहे. आपल्या रानातलं जस्त मुख्यतः वरच्या वीतभर मातीत, सेंद्रिय कर्बाच्या आधाराने असतं. सपाटीकरणात ती वीतभर माती खरवडून सखल भागात गेली आणि वर आली ती खालची, चुना जास्त आणि कर्ब कमी असलेली माती. त्यात जमिनीचा सामू ८ च्या पुढे. सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळणारं जस्त सुमारे शंभर पटींनी कमी होतं. म्हणजे मातीत जस्त असूनही मुळाला ते मिळत नाही. त्यावर दरवर्षी डीएपी. त्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जास्त झालं की जस्त आणखी अडतं. तुमच्या सासऱ्यांचं 'मका आलाच की' हे बोलणं खोटं नाही. तेव्हा त्या रानात शेणखत पडत होतं, वरची माती जागेवर होती आणि गावठी मक्याची भूकही कमी होती. मका तोच राहिला नाही, रानही तेच राहिलं नाही, एवढंच त्यांना सांगा.

म्हणून त्या कोपऱ्यासाठी झिंकचा खर्च करा. तपासणी अहवालाचीही वाट पाहू नका, कारण झाडानेच अहवाल दिलाय. एकरी १० किलो झिंक सल्फेट हे प्रमाण धरा. कोपरा अर्ध्या एकराचा असेल तर ५ किलो पुरे. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या, खडीसाखरेसारख्या दाण्याच्या झिंक सल्फेटमध्ये २१ टक्के जस्त असतं, शिवाय साधारण १० टक्के गंधकही, म्हणजे सल्फरही. ३३ टक्क्यांचं घेतलंत तर प्रमाण त्या हिशेबाने कमी करा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात, एकाला दहा या मापाने मिसळून, हलकं पाणी शिंपडून आठ-दहा दिवस सावलीत मुरवत ठेवा आणि टोकणीआधी सरीत द्या. असं दिलेलं झिंक पुढच्या दोन-तीन पिकांना पुरतं. दर हंगामाला टाकायची गरज नाही. दुकानदार तसं सांगणार नाही, हेही खरं.

आता एक गोष्ट प्रत्यक्ष करून बघा, सासऱ्यांनाही सोबत बसवा. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात चमचाभर डीएपी विरघळवा, दुसऱ्यात चमचाभर झिंक सल्फेट. दोन्ही गाळून स्वच्छ पाणी एकमेकांत ओता. क्षणात नासलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा साका धरतो. तो साका म्हणजे झिंक फॉस्फेट, आणि ते पाण्यात विरघळत नाही. आपण पेरणीच्या दिवशी डीएपी आणि झिंक एकाच पाटीत कालवून सरीत टाकतो, तेव्हा ओल मिळाली की सरीत हेच होतं. दोन्हींचे पैसे गेले, आणि मूळ उपाशी. म्हणून झिंक शेणखतातून आधी, स्फुरदाचं खत वेगळं, टोकणीच्या वेळी. याच पेल्याचा आणखी एक उपयोग आहे. झिंक सल्फेटच्या नावाखाली मॅग्नेशियम सल्फेट विकण्याची लबाडी जुनी आहे. दोन्ही दिसायला सारखेच. मॅग्नेशियम सल्फेट असेल तर डीएपीच्या पाण्यात असा घट्ट साका धरत नाही. गोणी घेण्याआधी मूठभर नमुना मागा, घरी हे करा, मग गोणी उचला. पक्की पावती घ्यायला विसरू नका.

चिलेटेड झिंकच्या दोन फवारण्या लिहून दिल्यात त्या आत्ताच विकत घेऊ नका. चिलेट चांगलं आहे, ठिबकमधून द्यायला सोयीचंही आहे. पण टोकणीनंतर २०-२५ दिवसांनी पोंग्यात पट्टा दिसलाच तर घरगुती फवारणी तेच काम करते. १०० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विरवलेला चुना. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक आणि ३५ ते ४० ग्रॅम चुना. चुना आदल्या रात्री भिजवा, वरची निवळी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबतो. चुना वगळू नका; नुसत्या झिंक सल्फेटने कोवळी पानं करपतात. ऊन उतरल्यावर फवारा आणि दहा दिवसांनी पुन्हा बघा. नव्या पानाला हिरवा रंग आला असेल तर दुसरी फवारणी वाचली. थंडीत हा पट्टा जास्त दिसतो, कारण गार मातीत मुळं हळू वाढतात. त्यामुळे या हंगामात डिसेंबरात लक्ष ठेवा.

राहिलेल्या दीड एकराचं काय? तिथे मात्र माती तपासा. जस्ताची मर्यादा किलोला ०.६ मिलिग्रॅम आणि गंधकाची १० मिलिग्रॅम धरतात. अहवालात 'पीपीएम' लिहिलेलं असतं, ते तेच. त्याच्या खाली असाल तर खत बोलतं. बऱ्यापैकी वर असाल तर खर्च केला काय, न केला काय, पीक फरक दाखवत नाही. २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यातल्या बारा घटकांत गंधक आणि जस्त दोन्ही असतात. घरात जुनी पत्रिका असेल तर ती आधी शोधा. पण तिच्यावरचा नमुना नेमका कोणत्या रानातून घेतला होता ते बघा. नवी तपासणी केलीत तर प्रयोगशाळेत तोंडाने सांगा, "गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यंही हवीत." नाहीतर सामू, क्षार, कर्ब आणि नत्र-स्फुरद-पालाशावर काम थांबतं.

नमुना घेण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मी आयुष्यातली बरीच वर्षं माती तपासणीच्या टेबलामागे बसलो. एकदा एका शेतकऱ्याच्या नमुन्यात जस्त भरपूर आलं. मी लिहून दिलं, झिंक नको. दीड महिन्याने तो भाताची तांबूस, खुरटलेली रोपं घेऊन आला. जस्ताच्या कमतरतेचा खैरा, स्पष्ट. खूप वेळाने विचारलं, माती कशात गोळा केली होती? पत्र्याच्या बादलीत. बादलीला जस्ताचाच मुलामा असतो. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, आणि त्याची एक हंगामाची पेंडी माझ्या न विचारण्याने गेली. ते अजून विसरलेलो नाही. म्हणून ताई, प्लॅस्टिकची बादली, लाकडी किंवा गंज नसलेली खुरपी. वाकडंतिकडं चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची वरून खालपर्यंतची माती. सगळी एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीवर पसरू नका. सपाट केलेल्या कोपऱ्याचा नमुना वेगळा, बाकी रानाचा वेगळा. बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती घेऊ नका.

आता सल्फर. तुम्ही कांदेवाल्या आहात, त्यामुळे सल्फरशी तुमचं नातं जुनं. कांद्याचा तिखटपणा, डोळ्यांतून पाणी काढणारा तो वास, गंधकाच्याच संयुगांतून येतो. म्हणून कांद्याला सल्फर दिला की चव बदलते, हे तुम्ही अनुभवाने जाणता. 'सल्फरने मका गोड होतो' हे वाक्य तुमच्या गावात लगेच पटतं त्याचं कारण मला तेच वाटतं. पण मक्याच्या दाण्यातली गोडी साखरेची आहे आणि साखरेत गंधकाचा कणही नसतो. मक्याला गंधक लागतो तो प्रथिनं तयार करायला. गंधक तोकडा पडला तर दिलेला युरिया झाड नीट वापरू शकत नाही, पान फिकट राहतं, आणि फिकट पान साखर कमी बनवतं. त्या आडवाटेने गोडीचा संबंध येतो, आणि तोही जमिनीत गंधक कमी असेल तरच. अशा जमिनींवरच्या प्रयोगांत गंधक आणि जस्त दिल्यावर कणसांचं वजन आणि हिरवा चारा वाढलेला दिसतो, काहींत दाण्यातली साखरही थोडी वाढलेली आहे. पण तुमच्या या रानात मागच्या दोन वर्षांत कांद्याला सल्फर पडलेला आहे, कोंबडीखतही पडलंय. विहिरीच्या पाण्यातूनही अनेक ठिकाणी सल्फेट येतं. तेव्हा तुमच्याकडे गंधक कमी असेलच असं मी धरून चालणार नाही.

सामू उतरण्याची गोष्ट तर आकड्यानेच बघा. दाणेदार सल्फरच्या १० किलोच्या पिशवीत ९० टक्के म्हणजे ९ किलो गंधक. एक किलो गंधक जमिनीत पूर्ण आम्ल झाला तर सुमारे तीन किलो चुना विरघळवतो. म्हणजे सगळ्या पिशवीने २८ किलो चुना. एक एकरातल्या वरच्या वीतभर मातीचं वजन ९ लाख किलोच्या आसपास. त्यात ५ टक्के मुक्त चुना धरला तरी ४५ हजार किलो झाला. २८ किलोने त्याचं काय बिघडणार? सल्फरच्या दाण्याच्या अगदी लगत थोडं आम्ल होतं, तिथे स्फुरद-लोह जरा मोकळं होतं, इतकंच. चुनखडीच्या रानाचा सामू सल्फरच्या पिशवीने उतरत नाही.

शिवाय दाणेदार सल्फर हा मूळ गंधक आहे. झाड तो तसाच घेत नाही. जमिनीतले जिवाणू त्याचं सल्फेट करतात तेव्हा तो मुळाला मिळतो, आणि त्या कामाला ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात. दिवाळीनंतरच्या गारठ्यात टोकणीच्या दिवशी टाकलेला दाणेदार सल्फर तुमचं पीक तुऱ्यावर येईपर्यंत अर्धवटच कामी येईल. द्यायचाच असेल तर या पिकाला सल्फेटच्या रूपात द्या.

त्यासाठी वेगळी पिशवी घ्यायलाच हवी असं नाही. डीएपीत गंधक जवळजवळ नसतो. एका गोणी डीएपीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असतं. तेवढंच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांतून येतं आणि त्यांच्यासोबत १६ किलोच्या आसपास गंधक येतो, तोही लगेच लागू होणारा. कमी पडलेलं ९ किलो नत्र वीस किलो युरियातून भरून निघतं. गोण्या जास्त वाहाव्या लागतात, मजुरी थोडी वाढते, हे मान्य. पण तुमच्या तालुक्यात त्या आठवड्याला काय भाव चाललाय ते विचारून दोन्ही हिशेब वहीत समोरासमोर मांडा. सुपर मिळत नसेल तर युरियाच्या एका हप्त्याऐवजी अमोनियम सल्फेट द्या. त्यात नत्राबरोबर २३ टक्क्यांपर्यंत गंधक असतो आणि चुनखडीच्या रानाला ते मानवतं. २०-२०-०-१३ या मिश्रखतातला शेवटचा १३ हा आकडाही गंधकाचाच. सासऱ्यांपुढे ही मांडणी ठेवलीत तर 'नवा खर्च' हा मुद्दाच राहत नाही. खताची जात बदलली, खर्च साधारण तोच.

ज्यांची जमीन हलकी, मुरमाड, डोंगरउताराची आहे आणि पाऊस धो धो पडतो, त्यांची गोष्ट वेगळी आहे. सल्फेट पाण्याबरोबर खाली वाहून जातं. शेणखत बंद, कांदा नाही, वर्षानुवर्षं फक्त डीएपी-युरिया, अशा रानात गंधक कमी निघण्याचीच शक्यता जास्त. तिथे एकरी ८ ते १६ किलो गंधक देणं योग्य आहे, कोणत्याही स्वस्त मार्गाने. जिप्सम चांगला. आणि 'मायक्रोन्यूट्रिएंट ग्रेड १' ची १० किलोची पिशवी टाकून झिंक दिलं असं समजणाऱ्यांनी पिशवीच्या मागचा तक्ता वाचावा. त्यात जस्त ५ टक्के, म्हणजे पिशवीभर टाकूनही अर्धाच किलो. १० किलो झिंक सल्फेटमधून दोन किलोच्या वर जातं. पांढरा पट्टा दिसत असेल तर ग्रेडवर भागत नाही.

रिकाम्या शेंड्यांवर थोडक्यात. जस्त फार कमी असेल तर परागकणांवर परिणाम होतो, त्यामुळे कोपऱ्यातल्या कणसांत त्याचा हात असू शकतो. पण तुम्ही लिहिता की शेंडे सगळ्या रानात रिकामे होते. मग मला संशय युरियाच्या चुकलेल्या हप्त्यावर आहे. कणसाच्या बुडाकडचे दाणे आधी फळतात, शेंड्याचे शेवटी. झाडाला अन्न पुरत नाही असं झालं की ते शेंड्याचेच दाणे सोडून देतं. या वेळी नत्राचे तीन भाग करा: टोकणीला, गुडघाभर उंचीला आणि तुरा दिसायच्या आधी. कणसाचे केस बाहेर पडताना पाण्याची पाळी एक दिवसही चुकू देऊ नका. बी महाग म्हणून दाट लावू नका, दोन ओळींत ६० आणि दोन झाडांत २० सेंटीमीटर ठेवा.

आता गोडी. तुमच्या पत्रातला सगळ्यात दुखरा भाग तोच आहे, कारण भाव तिथे पडला. बियाण्याची पिशवी फोडताना तुम्ही पाहिलं असेल, स्वीट कॉर्नचा दाणा सुरकुतलेला, हलका, खारकेसारखा आक्रसलेला असतो. साध्या मक्याचा टपोरा. हा सुरकुतलेपणाच गोडीची खूण आहे. या वाणात साखरेचं पीठ करणारी यंत्रणा अर्धवट चालते, म्हणून साखर साखरच राहते आणि वाळल्यावर आत भरायला पीठ नसतं. पण मक्याचा दाणा आईबरोबर बापाचाही असतो. बांधापलीकडच्या साध्या मक्याचे परागकण वाऱ्याने येऊन तुमच्या कणसाच्या केसावर पडले, तर त्या केसाचा दाणा त्याच हंगामात, त्याच कणसात पिठाळ होतो. बी कितीही महागाचं असो. सल्फर कितीही टाका.

हे तपासायला प्रयोगशाळा नको. गेल्या हंगामातलं एखादं कणीस गोठ्याच्या पत्र्यावर, बांधावर वाळून पडलं असेल तर शोधा. सुरकुतलेल्या दाण्यांच्या मध्ये मध्ये टपोरे, चकचकीत, भरलेले दाणे दिसले तर ते बाहेरचे. चुलत दिरांच्या बांधाकडच्या ओळींतल्या कणसांत ते जास्त आणि आतल्या ओळींत कमी असतील, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. शेजाऱ्यांचा माल गोड निघाला तो सल्फरने की त्यांच्या बांधाला मका नव्हता म्हणून, हेही एकदा बघून या.

इथे भांडणाचं काही कारण नाही. दिरांना चहाला बोलवा आणि त्यांची पेरणी कधी आहे विचारा. दोन्ही मक्यांचे तुरे निदान दोन आठवड्यांच्या अंतराने येतील अशी तारीख ठरवा. तेही जमलं नाही तर तुमचं स्वीट कॉर्न रानाच्या दुसऱ्या टोकाला आणि मध्ये कांदा, असं करा. बांधाकडच्या पाच-सहा ओळी वेगळ्या तोडून त्यांचा माल वेगळा ठेवा. त्या चांगल्या मालात मिसळल्या तर व्यापारी नेमकं तेच कणीस सोलून बघतो.

आणि दुपारची तोडणी बंद करा. तोडल्यावरही कणीस जिवंत असतं, उन्हात तापलेलं असताना स्वतःचीच साखर जाळत राहतं, काही वाणांत तिचं पीठही होतं. दुपारी तोडून गोणीत दाबून भरलेल्या मालात तासाभराने हात घालून बघा, आत ऊब लागते. ती ऊब तुमच्या साखरेची आहे. पहाटे दहिवर असताना तोडा, झाडाखाली पसरा, ढीग लावू नका, पाला काढू नका. गाडी रात्रीची असेल तर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. व्यापाऱ्याशी बोलून भल्या सकाळची गाडी मिळाली तर सगळ्यात उत्तम. कधी तोडायचं हे केस बाहेर पडलेल्या तारखेवरून मोजा: उन्हाळी-पावसाळी हवेत १८ ते २२ दिवस, थंडीत काही दिवस जास्त. केस वाळून तपकिरी झाले की पाला जरा बाजूला करून दाण्यात नख रोवा. पाणी निघालं तर थांबा, दुधासारखा पांढरा रस उडाला तर त्याच पहाटे तोडा, घट्ट लापशी निघाली तर उशीर झाला. ही तारीख तुमच्या हिशेबाच्या वहीत असायला हवी, ती मला पत्रात कुठे दिसली नाही.

सासऱ्यांना पटवण्याचा प्रश्न राहिला. त्यांना वादात हरवून काही साधणार नाही, आणि दुकानदाराच्या शब्दावरही त्यांनी विश्वास का ठेवावा? रानालाच विचारू द्या. कोपऱ्यातल्या चार ओळी झिंकशिवाय ठेवा. बाकीच्या रानात चार ओळी डीएपीवर, सासऱ्यांच्या जुन्या पद्धतीने. उरलेल्या सुपर फॉस्फेटवर. पाणी, युरिया, निंदणी सगळ्यांना सारखी. तोडणीला दोन्हीकडची पन्नास-पन्नास कणसं सलग तोडून पाल्यासकट वजन करा, शेंडे रिकामे किती ते मोजा आणि चार कणसं न सांगता उकडून त्यांना खायला द्या. आकडे त्यांच्याच हातून वहीत लिहून घ्या. फरक दिसला नाही तर पुढच्या हंगामात तो खर्च बंद करा, आणि ते बरोबर होते हे मोकळेपणाने सांगा.

त्या ओळींच्या दोन्ही टोकांना आजच खुंट्या मारून रंगीत चिंध्या बांधा. मका डोक्याच्या वर गेला की कुठली ओळ कुठून सुरू झाली ते कुणालाच सापडत नाही.